बिनसूचनेचा अर्धा तास

पार्किन्सन्स झालेला माणूस दिवसभर सूचना ऐकत असतो. ताठ उभे राहा. पाऊल उचला, घासत चालू नका. चालताना हात हलू द्या. मोठ्याने बोला, ऐकू येत नाही. तोंडातला घास संपल्याशिवाय दुसरा घेऊ नका. जागच्या जागी वळू नका, वळसा घेऊन वळा. सूचना सगळ्या बरोबर असतात, डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्याच असतात, आणि घरातली माणसं त्या मायेपोटीच देत असतात. आमच्या अण्णांना त्या मी देतो, आई देते, माझी बायको देते, कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा जाता जाता एखादी देऊन जातात. अण्णा एसटीत कंडक्टर होते. वाई डेपो. ‘पुढे सरका, मागे जागा आहे, सुट्टे काढून ठेवा’ हे ज्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांना सांगितलं, ते आता निमूट ऐकून घेतात. ‘आता मी पॅसेंजर,’ असं एकदा म्हणाले होते. तेही इतक्या हळू, की आई म्हणाली, ‘मोठ्याने बोला.’

आजारच तसा आहे. मेंदूच्या तळाशी सबस्टान्शिया नायग्रा नावाचा काळसर पेशींचा लहानसा भाग असतो. तिथल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात, आणि जी कामं शरीर आपल्याला न विचारता उरकत असतं ती अडायला लागतात. चालणं, वळणं, सदऱ्याचं बटण लावणं, कुणी विनोद केला की चेहऱ्यावर हसू येणं. हे सगळं आता मनात ठरवून, एकेक पायरी आठवून करावं लागतं. सूचना लागतात त्या यासाठी. लेव्होडोपाची गोळी पोटात गेली की काही तास गाडी रुळावर येते, असर उतरला की पुन्हा तेच. आमच्या घरात याला ‘ऑफ होणं’ म्हणतात. ‘अण्णा ऑफ झालेत, चहा थांबव.’

रात्री तरी त्यांना आराम मिळत असेल, असं भेटायला येणाऱ्यांना वाटतं. कूस बदलणं ही केवढी मोठी कसरत आहे हे धडधाकट माणसाला कळत नाही, कारण ती तो झोपेत करतो आणि सकाळी विसरतो. अण्णांना त्यासाठी आधी पूर्ण जागं व्हावं लागतं. मग गुडघे दुमडायचे, मान वळवायची, हात पलीकडे टाकायचा, मग कंबर. यातली एक पायरी चुकली की माणूस उताणाच. संध्याकाळची गोळी एव्हाना उतरलेली असते, त्यामुळे अंग लाकडाचं. पहाटे पायाची बोटं आत वळून पोटरीत असा पेटका येतो की ते ओरडतात. मध्ये दोन-तीनदा लघवीला उठणं असतंच. यातल्या कूस बदलण्यावर त्यातल्या त्यात चाललेला उपाय आईने केला. तिच्या एका जुन्या सिल्कच्या साडीची घडी करून ती गादीवर फक्त कमरेखाली येईल अशी शिवून टाकली. कंबर घसरते, टाचांना मात्र खालची सुती चादर पकडता येते. गादीभर सिल्क घातलं असतं तर माणूस सबंधच घसरला असता.

आणि स्वप्नं. ती तर हाताला कंप सुटायच्या कितीतरी वर्षं आधीपासून होती, पण तेव्हा आम्ही त्यांना हसायचो. अण्णा झोपेत पसरणी घाट चढायचे. ‘डबल बेल!’ असं खच्चून ओरडायचे, बिनतिकिटाच्या कुणालातरी बखोटीला धरून उतरवायचे. एकदा तो बिनतिकिटाचा म्हणजे शेजारी झोपलेली आई निघाली आणि तिच्या डोळ्याखाली आठवडाभर काळंनिळं होतं. स्वप्न पाहताना मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो, म्हणून आपण स्वप्नात धावतो तरी गादीवरच राहतो. काही जणांत ही व्यवस्थाच बिघडते. शेंक आणि महोवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी 1986 साली हा विकार पहिल्यांदा नीट मांडला, आणि ज्यांना तो होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे पार्किन्सन्स किंवा त्याचाच एखादा भाऊबंद गाठतो, हे त्यानंतर कळत गेलं. म्हणजे पसरणी घाटातली ती डबल बेल पुढच्या आजाराची वर्दी होती. दिवसा मात्र या माणसाचा आवाज फुटत नाही आणि पाऊल उचलत नाही. रात्री स्वप्नात आवाजही खणखणीत आणि लाथही जोरदार. हे कोडं डॉक्टरांनाही पुरतं सुटलेलं नाही. आई त्या काळ्यानिळ्या डोळ्यापासून हॉलमधल्या दिवाणावर झोपते, दार उघडं ठेवून.

मालिशचं काम माझ्याकडे आलं ते फिजिओथेरपिस्टबाईंमुळे. त्या घरी येतात, व्यायाम करून घेतात. झोपेची तक्रार त्यांनी नीट ऐकून घेतली, आधी न्यूरोलॉजिस्टना सांगून रात्रीच्या गोळ्या बघून घ्या म्हणाल्या, आणि मग मला म्हणाल्या, ‘रोज झोपण्याआधी अर्धा तास यांच्या अंगाला तुमचा हात लागू दे.’ कसा लावायचा तेही शिकवलं. जोर नाही, घाई नाही, झटका तर अजिबात नाही. ताठरलेला हात ओढायचा नाही. तो जिथे अडेल तिथेच आपणही थांबायचं, मग तो आपण होऊन जरा पुढे येतो.

जेवणानंतर तासाभराने, शेवटची गोळी झाली की सुरू करतो. तिळाचं तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवलेली असते. आधी मान आणि खांदे. अण्णांचे खांदे कानांकडे चढलेले असतात, ते तळव्याने धरून नुसतं वजन टाकायचं. मग दंड, कोपर, मनगट. कोपर हळू उघडताना आतून कट, कट, कट असे बारीक अडथळे हाताला लागतात. वैद्यकीय भाषेत याला दातेरी चाकाचा ताठरपणा म्हणतात आणि हे नाव ज्याने दिलं त्याला दाद दिली पाहिजे. मग तळहात. बोटं मिटलेली असतात. अंगठ्याने तळहाताच्या मध्यापासून बोटांच्या मुळांकडे दाबत गेलं की ती एकेक करून उघडतात. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत असतो, नाणी मोजत असल्यासारखा. आई म्हणते, ‘वाई-महाबळेश्वरचा हिशोब अजून लागायचाय त्यांचा.’

पहिल्या काही दिवसांत एक गंमत व्हायची. मी हात उचलायला गेलो की अण्णाही तो उचलायचे. मदत म्हणून. ‘तुम्ही काही करू नका, सैल सोडा,’ मी म्हणायचो, आणि ते सैल सोडण्याची इतकी पराकाष्ठा करायचे की दंड दगडासारखा व्हायचा. ‘काही करू नका’ हीसुद्धा सूचनाच की. मग मी बोलणंच बंद केलं. रेडिओ लावला. दिवसभरात हा एवढाच अर्धा तास असा, की त्यांच्याकडून कुणाला काहीही नको असतं. पाऊल नको, आवाज नको, गिळणं नको. मला विचाराल तर तेलाबिलापेक्षा मोठी गोष्ट ही आहे.

हाताने कळण्याची गंमत या आजाराच्या इतिहासातच आहे. जेम्स पार्किन्सनने 1817 साली लंडनमध्ये या ‘कापऱ्या लकव्या’वर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्ण आहेत, आणि त्यातले काही तर त्याने नुसते रस्त्यात चालताना पाहिलेले. तरी केवढं टिपलं त्याने. पुढे झुकलेली चाल, कंप, झोपेत वाढत जाऊन माणसाला दचकवून उठवणारी थरथर. पण अंगाचा ताठरपणा त्याच्या निबंधात नाही. असणार कसा? तो डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी समोरच्याचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो. ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात जाँ-मार्तँ शार्कोने केलं. ताठरपणा हे या आजाराचं वेगळं लक्षण म्हणून मांडलं, आणि आजाराला पार्किन्सनचं नावही त्यानेच रुळवलं.

शार्कोची दुसरी एक गोष्ट अण्णांना फार आवडते. त्याचे काही रुग्ण त्याला सांगायचे की आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आलं की अंग हलकं होतं, बरं वाटतं. दुसऱ्या डॉक्टरने हे हसण्यावारी नेलं असतं. शार्कोने विजेवर थरथरणारी खुर्चीच करून घेतली, रुग्णांना तिच्यात बसवलं, आणि 1892 साली त्यावर व्याख्यान दिलं. अंगाचा जडपणा उतरतो, रात्री झोप बरी लागते, असं त्याच्या रुग्णांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी शार्को गेला आणि खुर्ची अडगळीत पडली. ही हकीकत मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा, जो हल्ली फारसा हलत नाही, चांगलाच हलला. ‘मग मला लाल डब्यातच ठेवा की,’ म्हणाले. आणि खरंच, वाईला लग्नाला गेलो होतो तेव्हा शिरवळ सोडल्यापासून ते खिडकीला डोकं टेकून असे झोपले होते की उठवायला जीव होईना.

पण शार्कोच्या खुर्चीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण नेहमी इथेच लोक गोष्ट संपवतात. शिकागोच्या डॉक्टरांनी अलीकडे तो प्रयोग पुन्हा केला आणि 2012 साली छापला. एका गटाला थरथरती खुर्ची, दुसऱ्या गटाला तशाच खुर्चीत शांत बसवून ऐकायला संगीत. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं. थरथरीने संगीतापेक्षा जास्त काही दिलं नाही. कुणी म्हणेल, म्हणजे सगळा मनाचा खेळ. मला यातून निराळंच दिसतं. दोन्ही गटांतल्या माणसांना ठरलेल्या वेळी, मऊ खुर्चीत, काही काळ कुणी काही करायला सांगितलं नाही. तेवढं साम्य माझ्या दृष्टीने पुरेसं आहे.

मालिशवरचे अभ्यासही असेच लहान लहान आहेत. फ्लोरिडातल्या मायामीत 2002 साली झालेल्या एका अभ्यासात सोळा माणसं होती. निम्म्यांना पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास मालिश, बाकीच्यांना स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याचे व्यायाम. मालिशवाल्यांची झोप कमी मोडायला लागली, लघवीतली ताणाची संप्रेरकंही उतरली. सोळा माणसं म्हणजे आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीलाही याहून जास्त असतात. त्यावर आजाराचं शास्त्र उभं राहत नाही. एवढ्या आधारावर ‘कंपवात मुळापासून बरा’ अशा पाट्या लावणारी मालिश केंद्रं मी पाहिली आहेत आणि त्यांचे दरही पाहिले आहेत. मेलेल्या पेशी कुणाच्या तळहाताने उठून बसत नाहीत. झोपेतल्या लाथांवर मालिशचा काडीचा परिणाम होत नाही, त्याला डॉक्टरांची गोळी लागली आणि पलंग काढून गादी जमिनीलगत आणावी लागली. लघवीला उठणंही तेवढंच आहे.

उपयोग होतो तो झोप लागायला, आणि पहिला टप्पा जरा लांबायला. पोटऱ्या नीट चोळलेल्या असल्या तर पेटका कमी येतो, निदान अण्णांचं तसं म्हणणं आहे. सगळ्यात जास्त फरक पडतो तो शेवटच्या भागाने. ते उताणे झोपलेले, गुडघे दुमडून पावलं गादीवर टेकवलेली. मी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ते हळूहळू डावीकडे, उजवीकडे, डावीकडे असे झुलवतो. आधी कमरेपासून मानेपर्यंत सगळं एकाच ठोकळ्यात वळतं. काही वेळाने कंबर वेगळी वळते, खांदे जागेवर राहतात. झाला, सुटला माणूस. त्यानंतर रात्रीची पहिली कूस त्यांना कुणाला हाक न मारता बदलता येते.

तळपायांना काशाची वाटी. ती आजीची. तांब्या-कथलाच्या या वाटीला साजूक तूप लावून तळव्यावर गोल गोल फिरवली की तूप काळं पडतं, आणि ‘बघ, अंगातली उष्णता कशी बाहेर पडली’ असं घरोघर म्हणतात. काळं पडतं ते धातूमुळे. उष्णता बिष्णता काही नाही. पण वाटी फिरताना अण्णांच्या पापण्या जड होतात हे मी पाहतो, त्यामुळे वाटीशी माझं भांडण नाही. वाग्भटानेही रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांना विसरू नका असं सांगून ठेवलं आहे आणि त्याच्या फायद्यांत झोपही मोजली आहे. मात्र वाग्भटाच्या काळी संडास-बाथरूमला गुळगुळीत टाइल्स नव्हत्या. तूप लावलेल्या पायांनी मध्यरात्री उठलेला पार्किन्सन्सचा म्हातारा म्हणजे खुब्याच्या ऑपरेशनची तयारी. म्हणून वाटी झाली की तळवे कोरड्या पंच्याने खसखसून पुसायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसायचं, कारण या आजारात आणि त्याच्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो.

वडिलांच्या पायांशी माझा संबंध होता तो दिवाळी-दसऱ्याला वाकून नमस्कार करण्यापुरता. क्षणभर बोटं टेकवली की झालं. त्यांच्या घोट्यावर जुन्या भाजल्याचा डाग आहे, डाव्या पायाचं मधलं बोट बाकीच्यांवर चढलेलं आहे, हे मला या वयात कळलं. पाय चेपायचं काम आमच्या घरात बायकांचं. आजोबांचे पाय आजी चेपायची, अण्णा ड्यूटीवरून आले की आई चेपायची, उभ्याने प्रवास करून करून ते सुजलेले असायचे. शेषशायी विष्णूच्या कॅलेंडरातही पायाशी लक्ष्मीच. तिचे पाय कोण चेपतं, हे त्या चित्रात कुणी काढलेलं नाही. आईने वर्षानुवर्षं केलं त्याला आम्ही काही नाव दिलं नव्हतं. मी करायला लागलो तर नातेवाईक ‘थेरपी’ म्हणतात आणि माझं कौतुक करतात. ते ऐकताना आई भिंतीकडे बघत असते.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. आमच्या घरातली शुभंकर रात्री दिवाणावर एक कान उघडा ठेवून झोपते. पलीकडे गादी करकरली तरी तिला जाग येते. तिच्या गुडघ्यांचं दुखणं अण्णांच्या कंपाइतकंच जुनं आहे, पण त्यावर कुणी निबंध लिहिलेला नाही. एकदा अण्णांचं झाल्यावर मी उरलेलं तेल घेऊन तिच्याकडे गेलो तर ‘मला काय धाड भरलीय,’ म्हणाली आणि पाय पदराखाली ओढून घेतले.

मधे न्यू जर्सीच्या बहिणीने एक मसाज गन पाठवली. पिस्तुलाच्या आकाराचं यंत्र, पुढे रबरी गोळा, बटण दाबलं की धडधडतं. शार्कोची खुर्ची आता हातात मावते म्हणायची. अण्णांनी ती मांडीवर दोन मिनिटं सहन केली आणि ‘याला सायलेन्सर नाही का?’ असं विचारून बाजूला ठेवली.

परवा मार्चअखेरमुळे बँकेतून निघायला मला फार उशीर झाला. घरी आलो तेव्हा रेडिओ चालू होता. अण्णा खुर्चीत बसले होते, समोर दिवाणावर आई, आणि तिचा एक पाय त्यांच्या मांडीवर. तेल लावलेलं होतं. त्यांच्या हातात दाबण्याएवढा जोर कुठला. हात नुसता पोटरीवर ठेवलेला आणि तो आपला थरथरतोय, सेकंदाला चार-पाच ठोके, न थांबता, न दमता. मला पाहून आईने पाय ओढून घेतला नाही.

‘तुझ्या बहिणीला फोन लाव,’ ती म्हणाली, ‘आणि सांग, मशीन परत घेऊन जा. घरात आहे.’